मामांच्या मोबाईलला सर्न पगार देत नाही

परवा रात्री पारोळ्याहून मामांचा फोन. "भाचा, हाई खरं शे का?" पाठोपाठ मेसेज आला, गेले पंधरा दिवस नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय तोच: 'युरोपातली सर्न प्रयोगशाळा जगभरचे मोबाईल जोडून महासंगणक बनवतेय. रात्री मोबाईल चार्जिंगला लावा, ॲप चालू ठेवा, रोज ३०० रुपये खात्यात. नोंदणी ९९९. याच पद्धतीने परग्रहवासी सापडले. भारतातली एकही संस्था यात नाही, पहिला मान तुमचा.' मामांनी विचारलं ते ९९९ भरून झाल्यावर. नाहीतर असल्या मेसेजला उत्तर द्यायला मला वेळ नाही.

नाइलाजाने एक कबूल करतो. लोकांच्या रिकाम्या कंप्युटरवर विज्ञानाची आकडेमोड खरंच चालते. सर्नचा 'एलएचसी ॲट होम' हा असाच उपक्रम २००४ पासून आहे, आणि त्यासाठीचं 'बॉइंक' हे सॉफ्टवेअर मोबाईलवरही चालतं.

पण ३०० रुपये? बॉइंक फुकट आहे, नोंदणी फुकट आहे, आणि बदल्यात मिळतं 'क्रेडिट', म्हणजे नुसते गुण. त्यावर चहासुद्धा येत नाही. २०१० साली 'सायन्स' नियतकालिकात एका नव्या पल्सारचा, म्हणजे गरगर फिरत ठोक्यासारखे रेडिओ संकेत देणाऱ्या ताऱ्याचा, शोध छापून आला. 'आइनस्टाइन ॲट होम' या अशाच दुसऱ्या उपक्रमात अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींचे तुकडे घरोघरी वाटले होते. एकच तुकडा दोन वेगवेगळ्या घरी जातो आणि उत्तरं जुळली तरच धरतात, कारण अनोळखी माणसाच्या मशीनवर विश्वास कोण टाकणार? तो तारा अमेरिकेतल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एकाच्या कंप्युटरवर सापडला. ताराच सापडला, तरी शोधनिबंधात त्यांचं नाव आलं, पगार नाही.

रविवारी पारोळ्याला जाऊन मामांचा मोबाईल हातात घेतला, तेव्हा खरा घाम फुटला. ॲप प्ले स्टोअरवरचं नव्हतंच, मेसेजमधल्या लिंकवरून उतरवलेली एपीके, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट ॲप बसवणारी फाईल. परवानग्या बघितल्या: एसएमएस वाचणे, कॉन्टॅक्ट, दुसऱ्या ॲपवर झळकणे. अरे, आकडेमोडीला एसएमएस कशाला लागतात? ओटीपीला लागतात! आणि कापसाचे पैसे जमा होतात ते खातं ह्याच नंबरला जोडलेलं. खरं बॉइंक मोबाईलवर आपणहून चालतं ते चार्जर लावलेला आणि बॅटरी ९० टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच, आणि कामाची ने-आण करतं ती वायफाय असेल तेव्हाच. मामांच्या घरात वायफायच नाही.

परग्रहवासी: त्यांचे रेडिओ संकेत याच पद्धतीने शोधणारं 'सेटी ॲट होम' १७ मे १९९९ ला सुरू झालं, ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवं काम वाटणं थांबवलं. कोणी सापडलं नाही.

भारतातली संस्था नाही म्हणे! सर्नची आकडेमोड चाळीसहून जास्त देशांतली केंद्रं वाटून घेतात. त्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, कोलकात्याचं व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर आहे. ती अख्खी यंत्रणा सोडून ते पारोळ्यातला मोबाईल शोधत बसलेत का?

ॲप काढलं, बँकेत फोन केला, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मामा बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "तारा सापडला त्यास्नी फक्त नाव?"

हो मामा, फक्त नाव. आता ज्याने लिंक पाठवली त्याला तेवढा फोन लावा. त्याच्याही मोबाईलमध्ये हेच ॲप असेल.