कलाकाराचं नाव लागलं म्हणून वाद्य महाग होतं का?

"नामवंत कलाकाराने वापरलेलं वाद्य मिळालं तर डोळे झाकून घ्या, किंमत दुप्पट होणारच. रॉक गायक कर्ट कोबेनची गिटार साठ लाख डॉलरला गेली! शिवाय थोरांच्या हातात लाकूड मुरतं आणि सूर सुधारतो." जुनी पेटी, तंबोरा किंवा गिटार शोधणाऱ्यांना हा सल्ला हमखास ऐकायला मिळतो. त्यावर विसंबून लोक जास्तीचे पैसे मोजतात, म्हणून तो एकेक करून तपासायला हवा.

"कोबेनची गिटार गेली, तसं बाकीचंही जाईल." ती गिटार १९५९ सालची मार्टिन डी-१८ई. हे मॉडेल बाजारात चाललंच नाही, जेमतेम तीनशे नग बनले. कोबेनने ती नोव्हेंबर १९९३ मध्ये 'एमटीव्ही अनप्लग्ड' या टीव्हीवरच्या संगीत कार्यक्रमाच्या चित्रीकरणात वाजवली आणि पाच महिन्यांत तो गेला. २०२० च्या लिलावात मोजले गेलेले पैसे त्या चित्रित झालेल्या एका कार्यक्रमाचे होते. नुसत्या नावाची झेप किती असते, तेही पाहा. बीटल्स बँडमधल्या जॉर्ज हॅरिसनची, कलकत्त्याच्या कनाईलाल यांच्या दुकानात घडलेली सतार २०१७ मध्ये ६२,५०० डॉलरला गेली. रक्कम मोठीच, पण बीटल्सचं नाव असूनही लाखाच्या आत. 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या यामाहा पियानोला २०२३ मध्ये २० ते ३० लाख पौंडांचा अंदाज होता. शुल्कासकट आले सुमारे १७.४ लाख.

"विकणाऱ्याकडे फोटो आणि प्रमाणपत्र आहे." विकणाऱ्यानेच लिहिलेल्या प्रमाणपत्राला शून्य किंमत द्या. कलाकार वाद्य हातात घेऊन उभा आहे, एवढ्या फोटोने मालकी सिद्ध होत नाही; मैफलीत तंबोरे अनेकदा आयोजकांचे असतात. गिटारला निदान अनुक्रमांक असतो. मिरजेच्या तंबोऱ्याला तो नसतो, पण त्याची वेलबुट्टी हाताने कोरलेली असते, त्यामुळे दोन नग हुबेहूब सारखे निघत नाहीत. म्हणून जुन्या स्पष्ट फोटोशी तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: तबलीवरच्या (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावरच्या) लाकडाच्या रेषा, नक्षीतले तुटलेले किंवा वाकडे तुकडे आणि खुंट्यांचा घाट. खुंट्या बदललेल्या असू शकतात, रेषा बदलत नाहीत. त्यापुढे वाद्य कलाकाराकडून कोणाकडे आणि कधी गेलं, याची साखळी कागदावर हवी. मधली एक कडी सुटली, तरी नावासाठी वेगळे पैसे देऊ नयेत.

"थोरांच्या हातात सूर सुधारतो." हा मुद्दा सर्वांत कच्चा. रोजच्या रियाझाने वाद्य झिजतं. तंबोऱ्याच्या तारा ज्यावर टेकतात ती घोडी, तिची जवारी (वरचा पृष्ठभाग) पुन्हा पुन्हा घासून बुटकी होते आणि तारांच्या दाबाने घोडीखालची तबली बसते. तिथे पट्टी आडवी धरून पाहा. घोडीपाशी खळगा दिसला तर तबली बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. गुळूचा (भोपळा आणि दांडी जोडणाऱ्या भागाचा) जोड उघडलाय का आणि भोपळ्यातून भुसा पडतोय का, तेही बघा. पेटीत प्रत्येक ट्यूनिंगला सुराची पितळी पट्टी खरवडली जाते. पातळ झालेली पट्टी पुढे स्वर सोडते किंवा तुटते. सगळे स्टॉप (हवेची वाट उघडणाऱ्या पुढच्या खुंट्या) बंद करून भाता भरा; तो झरझर बसला तर हवा गळतेय. तबल्याचं तर विचारूच नका: आवाज पुडीचा (तोंडावरच्या चामड्याचा) आणि तिच्यावरच्या शाईचा, आणि पुड्या सतत बदलल्या जातात. उस्तादांच्या तबल्यातलं त्यांच्या काळचं उरतं ते खोड.

व्हायोलिनच्या जगातलं उदाहरण तर थेट उलट आहे. इटालियन कारागीर स्त्रादिवारीचं १७२१ सालचं 'लेडी ब्लंट' हे व्हायोलिन २०११ मध्ये ९८ लाख पौंडांना गेलं. ज्यांचं नाव त्याला लागलं, त्या लेडी अ‍ॅन ब्लंट काही मैफली गाजवणाऱ्या वादक नव्हत्या. त्याची ख्याती ही, की ते फारसं वाजवलंच गेलं नाही आणि जवळपास मूळ अवस्थेत राहिलं.

आता खरोखरच कलाकाराच्या घरातून वाद्य आलं असेल तर पॉलिश करू नका आणि जुनी घोडी किंवा खुंटी बदलावी लागली तर ती फेकू नका; नावाची चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा. देणाऱ्याकडून तारखेसह सहीचं पत्र त्याच दिवशी घ्या आणि सर्व बाजूंनी फोटो काढा. नक्षीत हस्तिदंत असेल तर नाव कितीही मोठं असो, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री करता येत नाही. सौद्याची बोलणी करण्याआधी ती नक्षी हाडाची आहे, प्लॅस्टिकची की हस्तिदंताची, हे जाणत्या कारागिराला दाखवून घ्या.