थिनरवाला मेसेज माझाच होता, तो चुकीचा आहे

मंडळी, कापडी हूडच्या गाडीची मागची धुरकट प्लास्टिक काच "थिनरचा बोळा फिरवा, आरशासारखी होते" असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. तो मूळचा माझाच. कृपया तसं करू नका.

मी माझ्या जुन्या जीपवर केलं होतं. पहिली पाच मिनिटं काच खरंच चकाचक दिसली आणि मी घाईनं तेवढ्यात फोटो टाकला. सुकल्यावर बोळा फिरला तिथं पांढरे पट्टे उमटले. पंधरवड्यानं पन्हाळ्याला जाताना हूड गुंडाळलं, तर घडीवरच टचकन तडा! ही काच म्हणजे मऊ पीव्हीसी प्लास्टिक. तिला लवचिक ठेवणारा तेलकट घटक थिनर आणि पेट्रोल ओढून घेतात. टूथपेस्टनं घासा असाही सल्ला काही जण देतात, पण तो हेडलाइटच्या काचेसाठीचा. ती कडक पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते, या मऊ काचेवर टूथपेस्टनं बारीक ओरखडे उठतात.

गाडी सावलीत लावा, भरपूर पाण्यानं आधी धूळ काढा, साबणाच्या पाण्यानं धुवा. मग प्लास्टिकचं पॉलिश मायक्रोफायबरच्या फडक्यानं, हलक्या हातानं. वरवरचा धुरकटपणा जातो. आतपर्यंत पिवळी पडली असेल तर मात्र हूड शिवणाऱ्याकडून नवी शीट बसवून घ्यावी लागते.

जुना मेसेज पुढं पाठवू नका. पाठवला असेल तिथं हा टाका.