चिपाडाच्या राखेनं घर निम्म्यात होत नाही

गळीत हंगाम सुरू झाला की वाळव्यापासून कराडपर्यंतच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास फिरतो: 'इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकानं सिद्ध केलंय! निम्मं सिमेंट काढा, निम्मी उसाची राख घाला. काँक्रीट दुप्पट मजबूत, घर निम्म्या खर्चात. राख कारखान्यावर फुकट. सिमेंट कंपन्या हे लपवतात.' बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, राखेवर संशोधन झालंय, हे खरं. फक्त त्यातल्या अटी वाटेत कुठंतरी गळून पडल्यात.

'निम्मं सिमेंट काढा.'
सिमेंटमध्ये पाणी पडलं की बांधून ठेवणाऱ्या पदार्थासोबत चुनाही तयार होतो. राखेतली सिलिका (वाळूतही असतं ते खनिज) या चुन्याशी सावकाश जुळते आणि तोच बांधणारा पदार्थ आणखी तयार करते. म्हणजे राखेला लागणारा चुना सिमेंटच पुरवतं. सिमेंट निम्म्यावर आणलं तर चुनाही घटतो आणि उरलेली राख नुसती भर म्हणून पडून राहते. म्हणूनच अभ्यासांतलं कामाचं प्रमाण साधारण 10 ते 20 टक्के असतं, तेही वजनानं.

त्यात पोत्यावर काय छापलंय ते बघा. पीपीसी (मिश्र सिमेंट) असेल, तर त्यात आधीच 15 ते 35 टक्के फ्लायॲश, म्हणजे वीजकेंद्रातल्या कोळशाची बारीक राख, असते. 35 टक्क्यांच्या पोत्यातलं निम्मं काढून तिथं राख घातली, तर 100 किलोत मूळ सिमेंट जेमतेम 33 किलो उरतं. राखेचा प्रयोग करायचाच तर ओपीसीवर, म्हणजे राख न मिसळलेल्या साध्या सिमेंटवर करावा.

आणि साइटवर माप घमेल्याचं असतं. चिपाडाची राख सिमेंटच्या निम्म्याहूनही हलकी. एक घमेलं सिमेंट काढून एक घमेलं राख टाकली की मालाचं एकूण वजनच घटतं, म्हणजे ना सिमेंट पुरेसं, ना राख.

'राख कारखान्यावर फुकट.'
फुकट असेलही, पण प्रयोगशाळेत वापरलेली राख ही नव्हे. बॉयलरखालची राख चिमूटभर तळहातावर चोळून बघा: काळे, धाग्यासारखे तुकडे हाताला लागतात. तो अर्धवट जळलेला चोथा. तो पाणी पितो. फ्लायॲशच्या भारतीय मानकात भट्टीत तापवल्यावर होणारी वजनातली घट 5 टक्क्यांच्या आत लागते. कच्ची राख बऱ्याचदा त्यात बसत नाही. आयआयटी मद्रासमध्ये मनू संथानम आणि ए. बहुरुदीन या संशोधकांनी राख 300 मायक्रॉनच्या (0.3 मिमी) चाळणीतून काढून हे धागे वेगळे केले, मग राख सिमेंटइतकी बारीक दळली. ही चाळण आणि हे दळण मेसेजमध्ये कुठंच नाही.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. साधारण 600-700 अंशांना जळलेल्या राखेतली सिलिका क्रियाशील राहते. त्याहून बरंच जास्त तापलं की तिचे स्फटिक होतात आणि ती जवळपास निकामी होते. उसाला चिकटून आलेली मातीतली वाळूही सिलिकाच. त्यामुळं '70 टक्के सिलिका' असा रिपोर्ट हातात असला तरी त्यातली किती चुन्याशी जुळेल, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी आयएस 1727 या भारतीय मानकाप्रमाणे चुन्याशी क्रियेची चाचणी करावी लागते. गुऱ्हाळाच्या चुलवाणातली राख तर याहून बेभरवशाची, कारण जाळ दर तासाला बदलतो.

'दुप्पट मजबूत.'
नाही. चांगली राख योग्य प्रमाणात घातली, तर 28 दिवसांची ताकद साध्या काँक्रीटइतकी किंवा थोडी जास्त येते. एम-20 दर्जाच्या काँक्रीटचा 150 मिमीचा क्यूब (चाचणीचा ठोकळा) साधारण 45 टन भार घेतो. राखेनं तो 90 टन घेणार नाही. राख पाणी पिते, माल घट्ट होतो, मिस्त्री बादलीभर पाणी वाढवतो, आणि ताकद इथंच जाते. सुरुवातीचे दिवसही मंद. आयएस 456 या काँक्रीटच्या मानकात 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू 7 दिवस, त्यापुढं 14 दिवस ठेवायला सांगितलंय, तेही साध्या सिमेंटसाठी आणि तापमान 15 अंशांखाली नसताना. ताजी राख मिळते नेमकी थंडीत! टेकू जास्त दिवस ठेवा, पाणी किमान 10 दिवस मारा.

'निम्म्या खर्चात.'
1000 चौरस फुटांचा, 5 इंची स्लॅब म्हणजे सुमारे 11.8 घनमीटर. घनमीटरला 320 किलो सिमेंट धरलं तर साडेपंच्याहत्तर पोती. 20 टक्के वाचवली तरी पंधरा. स्टील, खडी, वाळू, सेंट्रिंग, मजुरी तशीच. राखेची वाहतूक, वाळवणं, चाळणं, दळणं हे सगळं त्या पंधरा पोत्यांच्या पैशातून भागवायचं.

'कंपन्या लपवतात.' पीपीसीच्या पोत्यावर फ्लायॲश छापून विकतात की!

तरीही वापरायची असेल, तर एकाच ढिगातली राख घ्या, चाळून दळून 0, 10 आणि 20 टक्क्यांचे प्रत्येकी सहा क्यूब भरा: तीन 7 दिवसांनी, तीन 28 दिवसांनी फोडायला. चाळताना तोंडाला मास्क लावा. पहिला वापर कोबा, पेव्हर अशा कामात करा. ढीग बदलला की अठराही क्यूब पुन्हा.