चौक नंतर, आधी ती खोली
अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेल या ब्लूज संगीताच्या गावावरचा प्रवासलेख वाचला. लेखकाने तिथला निम्मा दिवस ६१ आणि ४९ क्रमांकाच्या महामार्गांच्या जुन्या चौकात घालवलाय. अहो, खांबावर निळ्या गिटारी, खाली गाड्या. फोटो काढा नि निघा! ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनने या चौकात सैतानाला आत्मा विकल्याची दंतकथा ऐकायला झकास, एवढंच. आम्ही मेम्फिसहून गेलो होतो, पाय थबकले ते डेल्टा ब्लूज म्युझियममध्ये. रेल्वेच्या जुन्या मालगोदामात ब्लूज गायक मडी वॉटर्सची स्टोव्हल मळ्यावरची लाकडी खोली ठेवलीय. तासलेले ओंडके, जागा ही एवढीशी. शिकागो गाजवणारा हा माणूस १९४३पर्यंत त्या मळ्यावर राबत होता! आणि लेखात गावातल्या रिव्हरसाइड हॉटेलचा उल्लेखच नाही? पूर्वी ते कृष्णवर्णीयांचं रुग्णालय होतं. १९३७ साली अपघातानंतर ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांनी तिथेच प्राण सोडला.