टायरवरचा आकडा म्हणजे हुकूम नव्हे

रंकाळ्यावर पहाटे सायकल फिरवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘टायरच्या कडेला छापलाय तेवढा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठासून भरा, सायकल पळते आणि पंक्चर होत नाही.’ हे चुकीचं आहे. तो आकडा कमाल मर्यादा आहे. त्यापुढे जाऊ नका, एवढंच त्याचं सांगणं. हवा किती हवी हे तुमचं वजन आणि टायरची रुंदी ठरवते. टायर ३२ मिमीचा आणि माणूस ७० किलोचा असेल, तर मागे ६०, पुढे ५५ पीएसआयच्या आसपास सुरुवात करा. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून हा फरक. दगडासारखा कडक टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो, त्यात ताकद वाया जाते. पन्हाळ्याहून उतरताना मनगटांना मुंग्या येतात ते वेगळंच. आणि काटा-खिळा कडक टायरलाही सोडत नाही.

मेसेजात खरं एवढंच, की हवा फार कमी असली तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. तेव्हा अंगठ्यानं दाबून अंदाज घेणं सोडा भावांनो, दाबाचा आकडा दाखवणारा गेजवाला पंप घ्या.