‘कोल्हापूरच्या थिएटरसाठी गळा कशाला काढता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, केशवराव भोसले नाट्यगृहावरच्या माझ्या लेखाला तुम्ही तीन टोले हाणलेत. शाहू महाराजांनी रोम पाहून हे थिएटर बांधलं, हे चूक. जळगावात बसून कोल्हापूरचं कौतुक, ‘आपलं सोडीसन दुसरानं गुनगान कसाले?’ आणि आगीत जळालेलं हे थिएटर पुन्हा तसंच उभारण्यापेक्षा सिमेंटचं झकास सभागृह बांधा.

पहिला टोला मान्य. १९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं खरं, पण ते उतरलं शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानात. मी दोन्हींची खिचडी केली. थिएटर १९१५ चं, तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. लेखात दुरुस्ती केली आहे.

दुसरा मात्र मान्य नाही. आपल्या गावातलं खुलं नाट्यगृह ज्यांच्या नावाचं, ते बालगंधर्व लहानपणी जळगावातच गाणं शिकले. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं, म्हणजे ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा दोन कंपन्यांनी मिळून केलेला प्रयोग. त्यात नायिका भामिनी बालगंधर्व आणि नायक धैर्यधर केशवराव भोसले, ज्यांचं नाव आज त्या थिएटरला आहे. एरवी दोघांच्या कंपन्यांत चुरस! पुढे तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय ३१. आता यातलं ‘दुसऱ्याचं’ कोणतं, ते तुम्हीच सांगा.

तिसऱ्यावर भांडणारच. तेव्हा माइक नव्हता. पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं ते गळ्याने आणि इमारतीने मिळून. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाई उरते, आपल्या खुल्या नाट्यगृहात मागे बसलेल्यांना हे शिकवायला नको. भिंती आणि छप्पर आवाज परत पाठवतात, म्हणून तो पोचतो. पण फार घुमला तर एक शब्द दुसऱ्यावर चढतो. लाकूड, पडदे, गच्च बसलेली माणसं हा जादा घुमारा पिऊन टाकतात. गुळगुळीत सिमेंटच्या मंगल कार्यालयात निवेदकाचं एक वाक्य तरी तुम्हाला धड कळलं आहे का?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, रंगमंच आणि छप्पर जळालं. लाकूड पेट घेतं, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून वायरिंग नवं घ्या, छताला पाण्याचे फवारे लावा, लाकडाला आगरोधक लेप द्या. फक्त आतली मापं, छताची उंची आणि बैठकीचा उतार यांना हात लावू नका. एसीलाही माझी ना नाही. मे महिन्यातल्या जळगावकराला एसीचं महत्त्व कोण सांगणार! त्याची घरघर तेवढी भामिनीच्या पदात शिरू नये.