बाणाला तेल पाजणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून माझ्याकडे आला. त्यातला एक ग्रुप सोसायटीचा, म्हणजे मजल कुठवर गेली बघा. मजकूर थोडक्यात असा: लाकडी बाणाला पॉलिश, वॉर्निश, लॅकर काही लावू नये. ते नुसतं वर बसतं, बाण जड करतं आणि त्यावर पिसं चिकटत नाहीत. त्यापेक्षा बाण सात दिवस तेलात बुडवून ठेवावा, घरातलं कुठलंही तेल चालतं. तेल मुरलं की पाणी शिरत नाही, बाण वाकत नाही, तुटत नाही. आपले पूर्वज हेच करत.

खाली हात जोडलेले. लिहिणाऱ्याचं नाव नाही.

"कुठलंही तेल चालतं" इथून सुरुवात करतो, कारण हा मूर्खपणा मी स्वतः करून बसलोय. धनुष्य हातात घेतलं त्या वर्षी सहा बाणांना मोहरीचं तेल पाजलं होतं. पंधरा दिवसांनीही ते हाताला चिकट लागत होते. मैदानावरची माती, भात्यातला कचरा, सगळं अंगाला लावून घ्यायचे. मोहरीचं तेल कातडी धरण्याइतकं वाळतच नाही, खोबरेल तर अजिबात नाही. डिसेंबरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय डोक्याला तेल मिळत नाही, हे कुठल्याही पुणेकराला माहीत आहे. ते बाणाचं काय रक्षण करणार?

वाळणारं तेल म्हणजे जवसाचं. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं. कच्चं असेल तर त्याला आठवडे लागतात. बोहरी आळीत 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं त्यात वाळण लवकर यावी म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. ते चालतं, पातळ हात देऊन जास्तीचं लगेच पुसून काढलं तर. मात्र एक गोष्ट त्या मेसेजमध्ये नाही आणि ती असायलाच हवी होती. हे तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला, तर ती उष्णता आतच साठते आणि काही तासांत काडी न लावता पेट घेऊ शकते. ही दंतकथा नाही, जुन्या पॉलिशवाल्यांना विचारा. चिंधी सुटी पसरून उघड्यावर वाळवायची, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवायची.

आता "बाण जड होतो". इथे भांडण्यापेक्षा हिशेब मांडू. 28 इंची, 11/32 इंच जाडीचा शाफ्ट, म्हणजे बाणाची नुसती काठी घ्या. त्याचा पृष्ठभाग साधारण 195 चौरस सेंटिमीटर भरतो. फडक्याने पुसून दिलेल्या दोन पातळ हातांचा वाळलेला थर मिळून 25 मायक्रॉन धरला, तर त्याचं आकारमान अर्धा घन सेंटिमीटर, म्हणजे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. पॉइंट (पुढचं टोक), नॉक (दोरीवर बसणारी मागची खाच) आणि पिसांसह अख्खा बाण 28-30 ग्रॅमचा.

आणि काहीच न लावता ठेवला तर? पाइनच्या अशा शाफ्टमध्ये कोरडं लाकूड जेमतेम 20 ग्रॅम असतं. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, हे थांबत नाही. आपल्याकडे मे महिन्यातल्या दुपारी हवा पापडासारखी कोरडी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी. लाकडातला ओलावा 8 टक्क्यांवरून 16 वर गेला, तर उघडा बाण 1.6 ग्रॅमनी जड होतो. म्हणजे पॉलिशच्या तिप्पट वजन नुसता पाऊसच चढवतो, शिवाय लाकूड मऊ पडून ताठपणा उतरतो तो वेगळाच. डझनभर बाण ताठपणा आणि वजन जुळवून निवडायचे आणि मग प्रत्येकाला वाटेल तेवढं पाणी पिऊ द्यायचं, याला काय म्हणावं? गंमत अशी की अर्ध्या ग्रॅमवर आक्षेप घेणारा मेसेजच बाण सात दिवस तेलात बुडवायला सांगतो. ते तेल काही हवेत तरंगत राहत नाही.

"तेल मुरलं की पाणी शिरत नाही" हे तर सरळ उलटं आहे. जवसाच्या तेलाचा थर बाष्प अडवण्यात फार दुबळा असतो. पॉलियुरेथेनचे (म्हणजे पीयूचे) दोन-तीन हात त्याहून बरेच सरस. चपडीचं पॉलिश, म्हणजे लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं, दमट हवेला चांगलं तोंड देतं, पण ओल्या गवतात बाण पडून राहिला की पांढरं पडतं. ओलावा पूर्णपणे कशानेच अडत नाही. चांगला थर एवढंच करतो की ओलावा सावकाश आत जातो आणि सावकाश बाहेर येतो, दोन दिवसांच्या सरीने बाण बिथरत नाही.

मेसेजच्या बाजूनेही एक कबूल करतो. ब्रशने थापलेलं जाड वॉर्निश खरंच वाईट. सुटताना बाण कमानीसारखा लवतो आणि जाड, कडक थर तडकतो. पण तो दोष थापणाऱ्याचा.

पूर्वजांचं म्हणाल, तर 'शर' या शब्दाचा मूळ अर्थच एक जातीचा बोरू. बोरू किंवा बांबू यांना निसर्गानेच बाहेरून टणक, सिलिकायुक्त, तुळतुळीत साल दिलेली असते. बुरुड आळीत टोपली विणणाऱ्याला विचारा, सालीकडची बेळ आणि गाभ्याकडची बेळ यांत काय फरक असतो. आपण आज वापरतो तो पाइनचा शाफ्ट म्हणजे खोडाच्या आतून कापून गोल केलेली काठी, तिला साल कुठली? आणि साल असूनही जुन्या कारागिरांनी थांबायचं ठरवलं नव्हतं. संग्रहालयांतले अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले हिंदुस्थानी बाण पाहिले की पिसांच्या जवळ रंगाचे, रोगणाचे, सोनेरी पट्टे दिसतात. तिकडे इंग्लंडात 1545 मध्ये बुडालेल्या 'मेरी रोझ' जहाजावरच्या बाणांना पिसांपाशी तांबंमिश्रित मेणाचा लेप सापडला. बाण तेलात सात दिवस बुडवणारे पूर्वज नेमके कोणाचे, कळत नाही.

पिसांबद्दल: तेलकट लाकडावर गोंद धरत नाही, हे फेव्हिकॉल वापरलेल्या शाळकरी पोरालाही कळतं. पॉलिशवर मात्र धरतो, फक्त दोघांचं जमतंय का ते आधी एका बाणावर बघायचं. पीयूच्या थरावर पिसांच्या जागी 400 नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवून धूळ पुसली की काम होतं. चपडीवर स्पिरिटने पुसू नका, सगळं परत विरघळेल.

राहिलं "तुटत नाही". इथे मला हसू येत नाही. बाण तुटतो तो रेषांमुळे. लाकडाच्या रेषा शाफ्टच्या टोकापासून टोकापर्यंत न जाता मध्येच बाजूने बाहेर पडत असतील, तर तो तिथेच फाटणार, आणि फाटलेलं टोक धनुष्य धरणाऱ्या हाताकडे येतं. त्यावर कुठलंही तेल, कुठलंही रोगण उतारा नाही. उतारा एवढाच: रेषा नीट बघून निवड, आणि टार्गेटवरून काढलेला प्रत्येक बाण दोन्ही हातांत धरून हलका वाकवून, कानाशी नेऊन चिरकतोय का ऐकणं.

मी काय करतो ते सांगतो. शाफ्ट आधी सरळ करतो, 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासतो. पीयू थोडं पातळ करून जुन्या बनियनच्या तुकड्याने लांबीच्या दिशेने पुसत देतो. तीन हात, मध्ये एकेक दिवस, दोन हातांमध्ये हलकी घासणी. पॉइंट आणि नॉक बसतात ती निमुळती टोकं कोरीच ठेवतो, म्हणजे गोंद लाकडाला धरतो. नॉक वेगळा न लावता लाकडातच खाच कापली असेल तर तिथे उलट एक हात जास्त, कारण रेषांच्या उघड्या तोंडातून पाणी सर्वांत लवकर शिरतं. वाळत घालायला गॅलरीतली दोरी आणि कपड्यांचे चिमटे. हे सगळं एप्रिल-मेमध्ये, नाहीतर दिवाळीनंतर. लॅकर आणि चपडी भर पावसात दिली तर पांढुरकी पडते, हे कुठलाही सुतार सांगेल.

मोहरीचं तेल प्यायलेले माझे ते सहा बाण अजून आहेत. टर्पेंटाइनने दोनदा पुसले, पिसं तरी सुटायची ती सुटलीच. सध्या ते गॅलरीत टोमॅटोच्या रोपांना आधार देतात.